चर्चा: फर्मवेअरने कर्नलला यादी द्यावी की प्रोग्राम?

खटपट्या
नवा लॅपटॉप घेतला, त्यावर नेहमीचं लिनक्स टाकलं. टचपॅड चालतो, पण जुन्या माउससारखा. दोन बोटांनी पान सरकत नाही. दोन रात्री ड्रायव्हर धुंडाळले. शेवटी फर्मवेअरमधलं, म्हणजे कंपनीने मशीनमध्ये आधीच भरलेल्या प्रोग्राममधलं, एसीपीआयचं डीएसडीटी टेबल उतरवून उलगडलं तेव्हा चोर सापडला. (एसीपीआय म्हणजे मशीनमध्ये काय काय आहे हे फर्मवेअरने कर्नलला, सिस्टिमच्या गाभ्याला, कळवायची पद्धत.) त्यात चक्क अट लिहिलेली: समोरची सिस्टिम विंडोजची अमुक आवृत्ती असेल तर टचपॅड आय-टू-सी जोडणीवर आहे, नसेल तर जुन्या माउसच्या पीएस-टू जोडणीवर.

रेशनकार्डावर घरातल्या माणसांची नावं असतात. दारात कोण आलंय ते बघून नावं बदलणारं रेशनकार्ड कुणी पाहिलंय?

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने एसीपीआय आणलं, तेव्हापासून हे चालू आहे. टेबलांत नुसती माहिती नसते, एएमएल नावाचा बाइटकोड, म्हणजे छोटे प्रोग्राम, असतो आणि तो कर्नलला स्वतःच्या पोटात चालवावा लागतो. बोर्ड बनवणाऱ्याने घाईत लिहिलेला, फक्त विंडोजवर तपासलेला कोड! माझं मत: फर्मवेअरने डिव्हाइस ट्रीसारखी साधी यादी द्यावी. कोणतं उपकरण, कोणत्या पत्त्यावर, कोणता इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची खूण). बस.

आठ_बिटी_आजोबा
खटपट्या, तुझं कर्नल जुनं आहे, पैज लाव. 'तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?' असं फर्मवेअरने विचारलं की लिनक्स, त्याला ठाऊक असलेल्या प्रत्येक आवृत्तीला 'हो' म्हणतं. तुझ्या कर्नलला ती आवृत्ती माहीतच नसणार.

आणि यादीचं म्हणशील तर बॅटरीचं काय करशील? किती टक्के उरली हे सांगणारा कंट्रोलर दर मॉडेलमध्ये वेगळा, त्याचे रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) वेगळे. एसीपीआयमध्ये कर्नल एक ठरलेली मेथड बोलावतं, आतली भानगड एएमएल निस्तरतं. तुझ्या यादीत प्रत्येक मॉडेलसाठी ड्रायव्हर कोण लिहिणार? आम्ही साउंड कार्डावरचे जंपर हलवून इंटरप्ट जुळवलेत रे. तुम्हाला आयतं मिळालंय म्हणून कुरकुर.

वायरमन
खोटं बोलल्याशिवाय मशीन नीट चालत नाही, ही कसली व्यवस्था आजोबा? लिनक्स एकेकाळी खरंखरं 'मी लिनक्स' असंही सांगायचं. पण कंपन्यांनी त्या उत्तराच्या फांदीत काहीबाही लिहून ठेवलेलं, म्हणून ते उत्तर देणं बंद करावं लागलं. शिवाय १९९९ चा बिल गेट्सचा तो ईमेल आठवा, एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का असं विचारणारा. कोर्टात पुरावा म्हणून आला होता.

आठ_बिटी_आजोबा
ईमेलमध्ये विचारणा होती. विचारलं आणि केलं यात फरक आहे. टचपॅडच्या धाग्यात गेट्सना कशाला ओढता?

मृण्मयी_बोर्डवाली
मी रोज डिव्हाइस ट्रीवर काम करते, म्हणून तिची आरती जरा आवरती घ्या असं सुचवते. २०११ पर्यंत एआरएमच्या (मोबाइल आणि छोट्या बोर्डांवरच्या प्रोसेसरच्या) प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेची वेगळी फाइल असायची. लिनक्सचा जनक टोरवाल्ड्सने जाहीर तोंडसुख घेतल्यावर ते वर्णन डिव्हाइस ट्रीत गेलं. चांगलंच झालं. पण ही यादी फर्मवेअर देतं हे बहुतेकदा कागदावरच. ती लिहितो आम्ही, राहते कर्नलच्या सोर्समध्ये. नवा बोर्ड आला की आधी त्याची फाइल हवी, नाहीतर काळा पडदा. पीसीवर मात्र तीन वर्षं जुन्या लिनक्सची पेनड्राइव्ह लावा, निदान स्क्रीन तरी उजळते.

आणि 'साधी यादी' म्हणता, तिचं माहेर माहीत आहे का? ओपन फर्मवेअर, म्हणजे १९९४ चं आयईईई १२७५ हे मानक. सन कंपनीच्या मशीनवरचं आणि पॉवरपीसी मॅकवालं. ते अख्खं फोर्थ भाषेत बोलायचं, विस्तार-कार्डांवरही बाइटकोडच असायचा. कोड गाळून नुसतं झाड ठेवलं ते नंतर.

खटपट्या
हे माहेर माहीत नव्हतं. पण ताई, तुमच्या यादीत चूक निघाली तर मी ती एका ओळीत दुरुस्त करतो. फर्मवेअरमधल्या चुकीसाठी कंपनीच्या दारात बसायचं?

मृण्मयी_बोर्डवाली
तिथे तुमचं बरोबर. स्नॅपड्रॅगन या एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर एसीपीआय टेबलं आहेत, तरी लिनक्सला डिव्हाइस ट्रीच घ्यावी लागते, कारण क्लॉक आणि वीजपुरवठ्याचा बराच कारभार विंडोजच्या ड्रायव्हरवर सोडलेला असतो. उलट एआरएम सर्व्हरवाल्यांनी मुद्दाम एसीपीआय मागून घेतलं: २०१४ च्या ५.१ आवृत्तीत सोय झाली, २०१५ ला लिनक्स ४.१ मध्ये आली. त्यांना सिस्टिमची एकच तयार प्रत (इमेज) शंभर मशीनवर टाकायची असते, प्रत्येकाची यादी सांभाळत बसायचं नसतं.

खटपट्या
आजोबा, पैज जिंकलात. नवं कर्नल टाकलं, दोन बोटं चालली. टचपॅड होता तिथेच होता, कर्नल एक जास्तीचं खोटं शिकलं एवढंच. मत तेच आहे.

आठ_बिटी_आजोबा
मत राहू दे. आता बॅटरी किती टक्के दाखवतेय ते बघ, आणि ते कोणी सांगितलं तेही लिही.