रमजानमध्ये फिरायला गेलात का कधी? अनुभव लिहा

गोधडी
आज आंबापोळी कापत होते आणि एकदम कैरो आठवलं. मार्च 2024. तिकिटं काढून झाल्यावर कळलं की 11 मार्चपासून रमजान. नातेवाईक म्हणाले कॅन्सल करा, पोरीचे हाल होतील. गिझाहून टॅक्सीने परत येत होतो, अख्खं शहर एकाच वेळी घरी निघालेलं, गाडी इंचभर हलेना. मगरिबची (सूर्यास्ताची, रोजा सुटतो ती) अजान झाली तेव्हाही रस्त्यातच. तेवढ्यात कॉलेजातली वाटतील अशी पोरं गाड्यांमधून पळत आली आणि खिडकीतून पिशव्या देत सुटली, तीन खजूर आणि जर्दाळूचं दाट सरबत. ड्रायव्हरकाका पहाटेपासून पाण्याविना. त्यांनी पिशवी फोडली, पहिला खजूर मागे वळून माझ्या लेकीच्या तळहातावर ठेवला आणि मग स्वतः खाल्ला. मला भरून आलं होतं, अजून येतं. ते सरबत म्हणजे कमर अल-दिन, जर्दाळूची पोळी असते, अगदी आपल्या आंबापोळीसारखी, ती पाण्यात भिजवून करतात.

सातारकर
इस्तंबूल, एप्रिल 2023. पहाटे साडेतीनला गल्लीत ढोल!! बायको घाबरून उठली. सहरीसाठी (रोजा धरण्याआधीचं पहाटेचं खाणं) जागं करतात, आणि मग घरोघरी बक्षीस मागायला येतात. आजोळी वासुदेव यायचा ते आठवलं. मशिदीच्या दोन मिनारांमध्ये दिव्यांची अक्षरं टांगतात ती आवर्जून बघा. आणि बेकरीसमोरची रांग, गरम पिदे (चपटा पाव), वर तीळ आणि कलौंजी. आम्ही हॉटेलपर्यंत पोचायच्या आधीच अर्धी संपवली

पाऊसवेडी
गोधडी, रडवलंस ग सकाळी सकाळी. आंबापोळी रायवळची का?

वाळवंटातला
दुबईत बरीच वर्षं आहे. 2014 ला रमजान जुलैत आला होता, काय उन्हाळा तो. दिवसा हॉटेलांना पडदे, बाहेर पाण्याचा घोटही नाही. 2021 पासून पडद्याची सक्ती गेली, पर्यटकांना आता काही अडचण नाही. तरी मी अजूनही रोजेवाल्यांसमोर बाटली तोंडाला लावत नाही, जमतच नाही. ऑफिस दोन तास कमी असतं, रोजा नसला तरी. रमजान दरवर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकतो, आता थंडीकडे चाललाय, यायचं तर पुढची काही वर्षं बरी

कांदेपोहे
मोरोक्कोला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, रमजानपुरतं तिथे घड्याळ एक तास मागे घेतात. एरवी आपल्याहून साडेचार तास मागे, रमजानात साडेपाच. आई रोज तासभर आधी फोन करायची आणि आम्ही झोपेत. फेस शहरात ज्यांच्याकडे राहिलो त्या काकूंना सांगितलं मांस खात नाही, तर दुसऱ्या दिवशी हरीरा (टोमॅटो-मसूर-छोले घातलेलं दाट सूप) आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात, स्वतःचा दिवसभराचा उपास असताना, चव न बघता. मीठ अगदी बरोबर! सोबत शबाकिया, तळून मधात बुडवलेली फुलं, वर तीळ.

पाऊसवेडी
चव न बघता? आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक तसाच असतो, आजी नुसत्या वासावर सांगायची मीठ पडलंय की नाही

लिंबूटिंबू
बाबांना डायबेटिस आहे, जॉर्डनला न्यायचंय, पेट्रा बघायचंय त्यांना. दिवसा खायचं काय??

गोधडी
@लिंबूटिंबू न्या बिनधास्त. आजारी माणसाला आणि प्रवाशाला त्यांच्यातही रोजाची सूट असते, कुणी काही म्हणत नाही. आम्ही आडोशाला बसून दशम्या खायचो, लेकीला तर लोकच बोलावून खायला द्यायचे. बघायचं ते सकाळीच उरका, बरीच ठिकाणं लवकर बंद होतात. आणि संध्याकाळी अजानच्या आधीचा एक तास गाडीत बसू नका.
@पाऊसवेडी हो ग रायवळच, ताटाला तुपाचा हात लावून. यंदा दोनच उन्हं मिळाली, जरा ओलसर राहिलीये

पाऊसवेडी
पंख्याखाली ठेव एक रात्र, उलटी करून