संमतीपत्र रुग्णासाठी की वकिलासाठी?

रामबागकर: इंदूरमधील खासगी रुग्णालये हल्ली शस्त्रक्रियेआधी चार-चार पानांची माहितीपत्रके हातात ठेवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचे धोके हे सारे त्यांत छापलेले असते आणि ते वाचून धडधाकट माणसाचाही रक्तदाब चढतो. हे कागद वकिलासाठी असतात, त्यामुळे ते बंद करावेत. पूर्वीचे डॉक्टर पाठीवर हात ठेवत, आणि तेवढ्याने माणूस निम्मा बरा होत असे.

सुदामानगरची सून: काका, पाठीवरच्या हाताचा अनुभव आमच्या घराने घेतला आहे. माझ्या सासूबाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर ते इंग्रजीत लिहिलेले होते आणि घरी सोडताना कोणी एका शब्दाने सांगितले नाही. त्यांनी ती सलग नऊ दिवस घेतली. तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या आणि पुन्हा भरती करावे लागले. 'सोमवारी एक गोळी, इतर दिवशी नाही' एवढी एक ओळ समजेल अशा भाषेत मिळाली असती, तर त्या घाबरल्या नसत्या, या त्रासातून वाचल्या असत्या.

लष्कर, ग्वाल्हेर: समजेल अशा भाषेत म्हणजे मराठीतच ना? आमच्याकडे पत्रकावर 'निश्चेतना' असते. आपला 'भूल' हा किती सोपा शब्द आहे!

सुदामानगरची सून: तो सोपा शब्दच घात करतो. आमच्या मावशींनी नर्सला हिंदीत विचारले, "मुझे भूल कौन देगा?" नर्स दुखावून म्हणाली, "माताजी, हमसे कोई भूल नहीं होगी।"

लष्कर, ग्वाल्हेर: हसण्यावारी नेऊ नका. होळकर-शिंद्यांच्या शहरांत मराठी माणसाने मराठी पत्रक मागणे हा गुन्हा आहे काय?

रामबागकर: आपली नातवंडे मराठी वाचतात का, हे आधी सांगावे. 2022 साली भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तके निघाली, तीही इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहूनच.

लष्कर, ग्वाल्हेर: माझ्या नातवंडांना यात ओढण्याचे कारण नव्हते. शस्त्रक्रिया त्यांची नसते, आमच्या पिढीची असते, आणि ही पिढी मराठीच वाचते.

निवृत्त भूलतज्ज्ञ: आपण दोघेही भाषेवर अडलात, म्हणून मूळ मुद्द्याकडे वळतो. समीरा कोहली प्रकरणात रुग्णाने केवळ दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीत असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले. तातडीची गरज नसताना आईची संमती पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ठरवले. मात्र त्याच निकालात असेही आहे की रुग्णाला घाबरवून आवश्यक उपचार नाकारायला लावतील असे दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगण्याची सक्ती नाही. तेवढ्यापुरते रामबागकर बरोबर आहेत, हे मान्य करणे मला फारसे आवडत नसले तरी. माझा आक्षेप वेगळा आहे. भूल देण्यापूर्वी पाच मिनिटे, स्ट्रेचरवर, चष्मा काढून घेतल्यावर सही मागितली जाते. अशी सही मीही कित्येकदा घेतली आहे.

सुदामानगरची सून: म्हणजे अखेर डॉक्टरांनीच कबूल केले.

निवृत्त भूलतज्ज्ञ: कबूल केले, पण दिवसाला दहा शस्त्रक्रियांची यादी असताना प्रत्येकाजवळ अर्धा तास कोण बसणार, हेही आपणच सांगावे.

रामबागकर: माझे मत बदललेले नाही. तथापि पुढच्या महिन्यात माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, आणि आज मिळालेल्या पत्रकात 'प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेता का?' असा प्रश्न आहे. मी ती गोळी सहा वर्षे घेतो आहे. लघवीच्या औषधाचा डोळ्याशी काय संबंध?

निवृत्त भूलतज्ज्ञ: त्या गोळीमुळे डोळ्यातील बुबुळाचा पडदा सैल पडतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी तो फडफडतो. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारी ठेवतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, ती बंद केल्यावरही हा परिणाम राहू शकतो. आजच सांगा.

रामबागकर: सांगतो. उरलेली तीन पाने मात्र सुनेकडून वाचून घ्यावी लागतील. मोतीबिंदूच्या रुग्णासाठी इतके बारीक अक्षर छापणाऱ्याचा मला एकदा सत्कार करायचा आहे.