प्रतिसाद: हूवरला हरायलाच जातात का?

वर कुणीतरी विचारलंय की हूवरला (अलाबामा) होणाऱ्या एसईसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एका कॉन्फरन्सच्या (गटाच्या), बेसबॉल स्पर्धेत मोठ्या टीम एवढ्या निवांत का हरतात. माझ्या मते सगळं पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) खांद्यावर येऊन थांबतं. शब्दशः.

टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर टीम झाल्या 16. मग 2025 पासून सरळ बाद पद्धत आली: हरलात की बॅगा भरा. पहिल्या चार मानांकितांना दोन फेऱ्यांची सूट, म्हणजे जेतेपदासाठी तीनच मॅच. पण पुढच्याच आठवड्यात 64 टीमची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. तिथली जागा ज्याच्या टीमची पक्की आहे, तो कोच आपला हुकमी पिचर इथे पूर्ण का झिजवेल? दोन-तीन इनिंग टाकून घेतो, मग एकेका इनिंगला नवा चेहरा. स्कोअरकार्डवर पिचरांची रांग लागते, तिसरा कोण नि चौथा कोण, माझा तर दरवेळी गोंधळ उडतो.

2025 चंच बघा ना. एलएसयू (लुइझियाना स्टेट) सेमीफायनलला ओल मिसकडून (मिसिसिपी विद्यापीठ) हरली, फायनल व्हँडरबिल्टने 3-2 अशी जिंकली. आणि जूनमध्ये ओमाहाला, जिथे राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा टप्पा होतो, विजेती कोण? एलएसयू! अर्थात 2024 ला टेनेसीने दोन्ही जिंकलं होतं, त्यामुळे याचा नियम करू नका.

खरी जिवावरची लढाई बघायची तर छोट्या कॉन्फरन्स बघा. तिथे बहुतेकांना राष्ट्रीय स्पर्धेत जायला आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणं हा एकच दरवाजा असतो, त्यामुळे हुकमी पिचर राखून ठेवायची चैन कुणाला परवडत नाही.