मोनोरेलचे जुने डबे भंगारात घालायचे की नव्याने घडवायचे?

भक्तीपार्ककर:
२० सप्टेंबर २०२५ ला आपली मुंबईची मोनो बंद केली, सुधारणा करायची आणि नव्या गाड्या आणायच्या म्हणून. नव्या येऊ देत, पण २०१४ पासून धावलेल्या गाड्या सरसकट मोडीत काढू नका एवढंच म्हणणं आहे. सांगाडा धड असेल तर दारं, मोटर, ब्रेक, वायरिंग सगळं नवीन घालून गाडी उभी राहते. युरोपात चेक देशातल्या लोकांनी केलंय ना हे. ब्रनो आणि प्रागमधे केटी-८ म्हणून लांब ट्राम आहेत, चढायला उंच पायऱ्या, तर त्यांनी फक्त मधला भाग काढून तिथे खालच्या तळाचा नवीन भाग जोडला. बाबागाडी, व्हीलचेअर सरळ आत, अख्खी ट्राम बदलावी लागली नाही.

दादरचा इंजिनिअर:
भाऊ, ट्रामचं उदाहरण मोनोला लावू नका. ट्राम साध्या रुळावर चालते, तिची चाकं-बोग्या (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा) बनवणारे भरपूर आहेत. मोनो सिमेंटच्या बीमवर रबरी टायरने स्वार होते, त्या मापाचा माल बाजारात तयार मिळत नाही, मलेशियाच्या स्कोमीने गाड्या दिल्या आणि पुढे सुट्या भागांसाठी आपले काय हाल झाले ते बघितलंय सगळ्यांनी. आणि १९ ऑगस्ट २०२५ विसरलात? भर पावसात मैसूर कॉलनीजवळ गाडी अडकली, क्षमता १०४ टन आणि वजन झालं १०९. नवीन दारं बसवून टायर-बीमची ताकद वाढणार आहे का?

भक्तीपार्ककर:
नाही वाढणार, पण त्या दिवशी बीम कुठे तुटला? वजन जास्त झाल्याने वीज घेणारा भाग पॉवर रेलपासून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पट्टीपासून सुटला, असं खुद्द प्रशासनानेच सांगितलं. म्हणजे दोष गाडीच्या रचनेत, आणि तो दुरुस्त होतो. लिफ्टमधे जास्त माणसं शिरली की ती हलत नाही, तसं सस्पेन्शनवर वजन मोजून गाडी स्टेशनातून सुटूच द्यायची नाही. नवीन गाडी घेतली आणि हे नाही केलं तर परत तेच.

चेंबूरची वहिनी:
अहो, तुम्ही दोघं टन आणि टायर मोजताय, आत अडकलेल्यांचं काय? वीज गेली, एसी गेला, काचा बंद, बाहेर उतरायला बाजूला चालायची पट्टीसुद्धा नाही, अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं काढली. मुंब्र्याला लोकलमधून माणसं पडली त्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलला बंद दारं द्यायचं ठरवलं तेव्हा दाराला झडपा आणि छतावरून हवा असा विचार तरी केला. मोनोत बॅटरीवर चालणारे पंखे आणि उघडणाऱ्या खिडक्या पहिल्या हव्यात, गाडी नवी की जुनी ते नंतर भांडा.

ट्रामचा नाद:
वहिनींशी १००% सहमत. आणि नवीन म्हणजे चांगलं हा समज सोडा. बोइंगने १९७० च्या दशकात अमेरिकेसाठी एकदम नवी लाइट रेल (ट्रामसारखी) गाडी काढली, बोस्टनमधे दारंच इतकी बिघडायची की काही गाड्या दुसऱ्यांना पार्ट पुरवायला उभ्या राहिल्या आणि शेवटी शहराने उरलेल्या घ्यायला नकार दिला.

दादरचा इंजिनिअर:
बरं, मग प्रागचंच पूर्ण सांगा. तिथल्या टी-३ ट्रामचा जो खालच्या तळाचा सुधारित प्रकार आहे त्याची बॉडी नवीनच बांधलेली, कागदावर मात्र ते आधुनिकीकरण. जुनं काय उरलं?

भक्तीपार्ककर:
बोग्या उरल्या, आणि पैसा तिथेच वाचतो.

दादरचा इंजिनिअर:
लोखंडी चाकाच्या बोग्या होत्या त्या. इथे इतक्या वर्षांच्या समुद्राच्या दमट हवेनंतर जोड, टायरची बैठक, वीज घेणारा भाग कसा आहे ते एकेका गाडीचं उघडून तपासू दे, रिपोर्ट लोकांसमोर ठेवू दे. ज्या गाडीचा सांगाडा पास होईल ती वाचवायला माझी हरकत नाही, पण नापास झाली तर तुम्ही परत चेक ट्राम काढायची नाही.