उत्तर वेल्समधील गावात आपण परके ठरतो ते नेमके कशामुळे?

मेनाईकाठ (प्रश्न)

नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही इंग्लंडमधील लेस्टर सोडून वेल्सच्या वायव्येकडील ग्विनेद परगण्यात राहायला आलो. माझे पती येथील एका रुग्णालयात डॉक्टर आहेत, दोन्ही मुले गावातील शाळेत जातात आणि मी घरूनच हिशेबाचे काम करते. लेस्टरमध्ये सात वर्षे काढली, पण भाषेचा विचार कधी करावा लागला नाही. येथे मात्र पाव घेण्यासाठी रांगेत उभे राहिले की आजूबाजूचे सारे बोलणे वेल्शमध्ये चाललेले असते; माझी पाळी आली की दुकानातील बाई इंग्रजीत विचारतात आणि मी बाजूला झाले की त्यांचे वेल्श पुन्हा सुरू होते. यात कोणी उद्धटपणा केला असे मला म्हणता येणार नाही. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी तर दर पंधरा दिवसांनी घरी केलेला बारा ब्रीथ, म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव, आणून देतात.

गेल्या महिन्यात गावच्या सभागृहात सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांविषयी सभा होती. तेथे एक गृहस्थ उठून म्हणाले की बाहेरून येणारी माणसे हे गाव संपवीत आहेत. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, पण माझी मान आपोआप खाली गेली. पुढच्याच आठवड्यात तेच गृहस्थ शिडी घेऊन आमच्या छपराची पन्हळ साफ करायला आले. मी धीर करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ते तुमच्याविषयी नव्हते." तेव्हापासून मला हा प्रश्न सोडीत नाही की माझ्याविषयी नव्हते, तर कोणाविषयी होते? हे भाषेवरचे प्रेम आहे की परक्यांविषयीची नावड? येथे प्रत्येकाला इंग्रजी येत असताना मी वेल्श शिकणे हा केवळ देखावा ठरेल का? आम्ही याच गावात घर विकत घेण्याचा विचार करीत आहोत, म्हणून अनुभवी मंडळींचे मत मला हवे आहे.

शिलालेख

मी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अबेरिस्टविथमध्ये बरीच वर्षे राहिलो आहे. आपल्या शेजाऱ्यांच्या वाक्यामागे एक जुनी जखम आहे, ती आधी सांगतो. 'वेल्स' हे नावच इंग्रजांनी दिलेले असून जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ 'परके' असा होता. स्वतःच्या भूमीवर राहणाऱ्या लोकांना शेजाऱ्यांनी परके म्हटले आणि तेच नाव जगभर झाले. ते स्वतःला 'कम्री' म्हणतात, म्हणजे एका देशाची माणसे.

१५३६ च्या कायद्याने न्यायालयांची भाषा इंग्रजी केली आणि वेल्शच वापरणाऱ्याला सरकारी पदाचे दार बंद केले. १८४७ साली शिक्षणाची पाहणी करायला आलेल्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांनी, ज्यांपैकी कोणालाही वेल्श येत नव्हती, या लोकांच्या मागासपणाचे आणि कथित अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. सरकारी अहवालांच्या निळ्या वेष्टनावरून त्या प्रकरणाला आजही 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. याच शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत; ती दिवसभर एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि शेवटी ज्याच्या गळ्यात उरे त्या मुलाला शिक्षा होई.

पण आजच्या पिढीच्या मनात या सर्वांहून ठळक आहे ते त्रवेरिनचे खोरे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते, म्हणून तेथील महापालिकेने बाला गावाजवळचे हे खोरे बुडविण्याचे ठरवले आणि वेल्समधील स्थानिक संस्थांची संमती घ्यावी लागू नये म्हणून थेट संसदेकडून १९५७ साली कायदा करून घेतला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी कायदा झाला. कापेल केलिन हे गाव, त्याची शाळा, टपालघर, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी १९६५ साली पाण्याखाली गेली. ते गाव संपूर्ण वेल्शभाषक होते. अबेरिस्टविथच्या दक्षिणेला रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर 'त्रवेरिन विसरू नका' असे रंगवलेले आहे. २०१९ साली कोणी त्या भिंतीचा काही भाग पाडला, तेव्हा ते शब्द वेल्सभर अनेक भिंतींवर उमटले. लिव्हरपूलने २००५ साली क्षमा मागितली. आपले शेजारी 'गाव संपणे' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखर संपलेले एक गाव असते, हे ध्यानात घ्यावे.

सुट्टीच्या घरांचा प्रश्न याच धाग्याला जोडलेला आहे. कोकणातील बंद घरे बहुतेक आपल्याच माणसांची असतात. गणपतीत ती उघडतात आणि उघडली की त्यांतून मालवणीच ऐकू येते. वायव्य वेल्सच्या लीन द्वीपकल्पातील आबेरसोखसारख्या गावात बंद घरे दूरच्या शहरांतील लोकांची असतात आणि ती उघडली की गावाचीच भाषा बदलते. आबेरसोखची प्राथमिक शाळा मुलांअभावी २०२१ च्या अखेरीस बंद झाली. १९७९ पासून सुमारे बारा वर्षे एका गुप्त गटाने अशी घरे जाळली. त्या जाळपोळीचे मी कधीही समर्थन करणार नाही, परंतु तिने दाखवलेला राग हवेतून आलेला नव्हता. आता मार्ग कायद्याचा आहे: एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. आपण घर घेऊन त्यात बारा महिने राहणार असाल आणि मुले गावच्या शाळेत जाणार असतील, तर सभेतील ते वाक्य आपल्याला लागू होत नाही.

अनुस्वार

शिलालेख यांनी इतिहास नेमका मांडला आहे, पण मूळ प्रश्नाचे उत्तर मला वर्तमानातील एका साध्या हिशेबात दिसते. वेल्श बोलणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाला इंग्रजी उत्तम येते. त्यामुळे दहा वेल्शभाषक बोलत बसले असता तेथे वेल्श न येणारी एक व्यक्ती येऊन बसली, तर सौजन्य म्हणून दहाही जण इंग्रजीकडे वळतात. त्या एका व्यक्तीच्या मनात काहीही वाईट नसते आणि दहांच्याही मनात नसते, तरी बैठकीची भाषा गेलेली असते. हेच शाळेच्या समितीत, भजनमंडळासारख्या त्यांच्या गायनवृंदात आणि फुटबॉलच्या मैदानावर वर्षानुवर्षे घडत राहिले की भाषा कोणी न मारता मरते. आपल्या शेजाऱ्यांना भीती आहे ती या हिशेबाची. 'ते तुमच्याविषयी नव्हते' हे त्यांचे म्हणणे म्हणूनच मला प्रामाणिक वाटते.

आकडे पाहा. १९११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ९ लाख ७७ हजार होते. २०२१ मध्ये ते ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के उरले. ग्विनेदमध्ये हे प्रमाण ६४.४ टक्के आहे आणि संपूर्ण वेल्समध्ये ते सर्वाधिक आहे. सरकारने २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचे लक्ष्य ठेवले असले, तरी वर्गात शिकलेली भाषा आणि दुकानात, भांडणात, लाडात वापरली जाणारी भाषा यांत फरक असतो. ही दुसरी भाषा आपल्या गावासारख्या ठिकाणीच जिवंत आहे. येथे काही मराठी मित्र मुंबईचा दाखला देतील. २०११ च्या जनगणनेनुसार आपण ८ कोटी ३० लाख आहोत आणि आपल्यामागे एक राज्य उभे आहे. आपल्याला वाटणारी काळजी खरी असली तरी ती त्यांच्या काळजीच्या जातीची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

'आम्ही आत शिरताच सगळे मुद्दाम वेल्श बोलू लागले' अशी तक्रार इंग्लंडमधून आलेले अनेक पर्यटक करतात. वस्तुतः ते आधीपासूनच वेल्श बोलत असतात. ऐकणाऱ्याचे लक्ष तेव्हा प्रथम जाते इतकेच. दुसरीही एक गोष्ट सांगतो. तेथे दोन माणसांचा परिचय ज्या भाषेत होतो, त्याच भाषेत तो सहसा आयुष्यभर चालतो; इंग्रजीत ओळख झालेली दोन वेल्शभाषक माणसे लग्न करून चाळीस वर्षे एकमेकांशी इंग्रजीतच बोलत राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. म्हणून नव्या माणसाशी पहिले वाक्य वेल्शमध्ये बोला, ते कितीही मोडके असले तरी चालेल. आपल्या पतींनाही हे लागू आहे. रुग्णालयात वेल्श येणारे कर्मचारी नारिंगी रंगाचे बोधचिन्ह लावतात आणि शिकणाऱ्यांसाठीही तसेच चिन्ह असते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची नंतर शिकलेली इंग्रजी आधी विरते आणि आईची भाषा मागे राहते, त्यामुळे डॉक्टरच्या तोंडचे चार वेल्श शब्द हा देखावा ठरत नाही.

दक्षिणखोरे

वरील दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, परंतु ती वेल्सच्या एका कोपऱ्यातून लिहिलेली आहेत आणि मला ते खटकते. मी दक्षिणेकडील कोळसाखाणींच्या रोंडा खोऱ्यात राहते. येथील भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली. माझ्या शेजारणीची आजी वेल्शमध्ये प्रार्थना करीत असे, आईला ती कळत असे आणि शेजारणीला राष्ट्रगीतापलीकडे काही येत नाही. ती उत्तरेकडे सहलीला गेली असता कोणी तिला 'अच्छा, म्हणजे तुम्ही वेल्श नाही' असे म्हटले आणि ती ते सांगताना रडली. चारपंचमांशाहून अधिक वेल्सला वेल्श येत नाही, आणि या सर्वांना अर्धवट वेल्श ठरवणारी नजर त्या कोपऱ्यात आहे हे नाकारून चालणार नाही. १९७९ च्या सार्वमतात वेल्ससाठी स्वतंत्र विधिमंडळाचा प्रस्ताव जवळजवळ चारास एक अशा मतांनी फेटाळला गेला. त्यामागे अनेक कारणे होती, पण राज्य मूठभर वेल्शभाषकांच्या हाती जाईल ही दक्षिणेतील धास्ती त्यांत निश्चित होती. १९९७ साली तोच कौल ५०.३ टक्क्यांनी बाजूने लागला, तो भाषा सर्वांची आहे असे लोकांना थोडेतरी पटू लागले म्हणून.

मेनाईकाठ, 'ते तुमच्याविषयी नव्हते' हे वाक्य मला आपल्याइतकेच टोचते. ज्या सभेत आपण बसला आहात तेथे 'बाहेरून येणारी माणसे' असा सरसकट शब्द वापरायचा आणि नंतर एकेकाला खासगीत वगळायचे, हे योग्य नाही. त्यांना बंद घरे म्हणायचे असेल तर त्यांनी बंद घरे म्हणावे. येथील खोऱ्यांत भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी, कोणी यायला तयार नव्हते अशा काळात, दवाखाने चालवले आणि आयुष्ये घालवली; त्यांतील फार थोड्यांना वेल्श येत होती. त्यांना परके म्हणण्याची माझी तयारी नाही. आपण वेल्श अवश्य शिका, मीही शिकत आहे, पण ते प्रवेशशुल्क म्हणून भरू नका.

अनुस्वार

दक्षिणखोरे यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि शेजारणीचा प्रसंग वाचून वाईट वाटले. फक्त एक भर घालतो: वंशाची अट कोणी बदलू शकत नाही, भाषेची अट कष्टाने का होईना पुरी करता येते. राष्ट्रीय आयस्टेद्वॉड या वार्षिक उत्सवात भाषा शिकून घेणाऱ्याला दरवर्षी व्यासपीठावर गौरवतात आणि तो कोठून आला हे तेथे आडवे येत नाही. लीन द्वीपकल्पातील नांत गुर्थेर्न हे खाणकामगारांचे ओस पडलेले गाव तर केवळ प्रौढांना वेल्श शिकवण्यासाठी पुन्हा वसवले गेले.

बदलीचे गाव

नोकरीनिमित्त मी शिलाँगमध्ये आहे, म्हणून थोडी वेगळी माहिती देतो. १८४१ साली थॉमस जोन्स नावाचे वेल्श मिशनरी चेरापुंजीला आले आणि त्यांनी खासी भाषा वेल्श लेखनपद्धतीच्या आधाराने रोमन लिपीत बसवली. आजही खासी वर्णमाला अ, ब, क अशा क्रमाने सुरू होते, कारण वेल्शमधील तिसऱ्या अक्षराचा उच्चार 'क' असा आहे. आणि दोन्हींत 'ग'नंतर 'ङ' येतो. धर्मप्रसाराच्या हेतूविषयी मतभेद असू शकतात. पण या माणसाने परक्या मुलखात जाऊन प्रथम तेथील लोकांची भाषा शिकली, ही गोष्ट येथील वृद्ध अजून आदराने सांगतात.

मेनाईकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दक्षिणखोरे ताई, आपले उत्तर मी पतींना मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर मी शेजारच्या गृहस्थांना शांतपणे सांगितले की सभेतील त्या शब्दाने मला दुखावले होते. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की कापेल केलिन सोडावे लागलेल्यांत त्यांचे मामा होते. माझ्या म्हणण्याला ते उत्तर नव्हते हे त्यांनाही कळत होते. पुढच्या सभेत तो शब्द वापरणार नाही, असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

घराबाबत चौकशी केली तेव्हा कळले की त्याच घरासाठी गावातील एक तरुण जोडपेही प्रयत्न करीत आहे आणि आमच्याइतकी रक्कम त्यांना उभी करता येणार नाही. आम्ही आमचा प्रस्ताव मागे घेतला असून आणखी एक वर्ष भाड्याच्याच घरात राहू.

मंगळवारी दुकानात मी प्रथमच वेल्शमध्ये पाव मागितला. पावाला 'बारा' म्हणतात, पण 'पावाची एक लादी' असे म्हणताना शब्दाचा आरंभ बदलून 'वारा' होतो, आणि मराठी कानाला हे दोन्ही शब्द इतके ओळखीचे आहेत की मी नेमकी तेथेच अडखळले. दुकानातील बाई वेल्शमध्येच भरभर काहीतरी बोलल्या. मला कळले नाही, तेव्हा मी 'पुन्हा' एवढेच वेल्शमध्ये म्हटले. त्यांनी इंग्रजीकडे न वळता तेच वाक्य हळू म्हटले: कापून देऊ की तसाच हवा?