मदत हवी आहे: ‘स्पेक्ट्रम १०के’विषयीच्या निवेदनातील एक अट

ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेला, १०,००० स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींचे डीएनए नमुने गोळा करू पाहणारा ‘स्पेक्ट्रम १०के’ प्रकल्प स्वमग्न व्यक्तींच्याच विरोधामुळे पुढच्याच महिन्यात स्थगित झाला. त्यावर आमच्या गटासाठी मी निवेदन लिहीत आहे (मी स्वतः स्वमग्न आहे). निधी रोजच्या जगण्यातील आधाराकडे वळावा, ही मागणी लिहून झाली आहे. अडचण इतर अपंग गटांबाबत आहे: जनुकीय माहिती गर्भ नाकारण्यासाठी वापरली जाण्याच्या, म्हणजे गर्भावस्थेतील तपासणीच्या प्रश्नावर डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती आधीपासून लढत आहेत, तर दुर्मीळ आजारांच्या अनेक रुग्णांना जनुकीय संशोधन अधिक हवे आहे, आणि त्यांची गरज मला मुळीच नाकारायची नाही. म्हणून सरसकट बंदीची मागणी नको. नमुन्यांच्या पुढील वापरावरील संमतीची अट दोघांनाही मान्य होईल अशा कोणत्या शब्दांत मांडावी?