मदत हवी आहे: आईच्या अंगावर फोड आणि सिटी स्कॅनमध्ये थायमसची गाठ, आधी काय करायचं?

केळीवाला_यावल

नमस्कार मंडळी, लांबलं तर सांभाळून घ्या, चार रात्री धड झोप नाही आणि घरात मोबाईलवर वाचणारा मी एकटाच म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघून राहिले.

आई ५४ वर्षांची. दिवाळीनंतर तोंड आलं. आमच्याकडे तोंड आलं म्हणजे उष्णता, जाईचा पाला चघळ, तूप लाव, असा महिना गेला. मग एका डॉक्टरांनी बी कॉम्प्लेक्स आणि जेल दिलं, अडीच महिने तेच ते. कळण्याची भाकरी आणि ठेचा जिचा कधी चुकला नाही ती बाई दुधात कुस्करलेली पोळी पण रडत गिळायची, म्हणे तोंडमा इस्तो ठेवेल शे. मग पाठीवर, छातीवर फोड आले. पाण्याचे, ढिले, जरा घासलं की फुटतात आणि खाली लाल ओली जागा उघडी पडते ती भरायचं नाव घेत नाही. सकाळी झंपर काढताना कातडीचा पापुद्रा कापडासोबत निघून आला, मी एकदाच पाहिलं, आता ते बहीणच करते. गल्लीत कोणी नागीण म्हणालं, गेरूचा लेप पण झाला. काकूने आईचा कप वेगळा काढून ठेवला त्या दिवशी आई जेवढी रडली तेवढी फोडांनी पण रडली नव्हती.

शेवटी जळगावला स्किनच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी फोडाजवळच्या कातडीचे तुकडे काढून दोन वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवले, रिपोर्ट आला पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटतं तो फोडांचा रोग. प्रेडनिसोलोन ४० म्हणजे स्टिरॉइडची गोळी सुरू केली, पंधरा दिवसांत नवे फोड बरेच कमी झाले. पण छातीचा एक्सरे काढला त्यात मधोमध सावली, म्हणून सिटी स्कॅन, त्यात छातीच्या मधल्या हाडामागे ५ सेंमीची गाठ, थायमोमा म्हणजे थायमस ग्रंथीची गाठ असू शकते असं लिहिलंय. मॅडम म्हणाल्या दोन्हीचं नातं असू शकतं. आबांना वाटतं थायरॉईड. मामा म्हणतो थायरॉईडची गोळी तुझी मामी दहा वर्षं खाते, त्यात काय एवढं.

तर गाठ काढली की फोड जातात का? आधी ऑपरेशन का आधी फोड बरे करायचे? गोळीने तोंड सुजलंय म्हणून आबा म्हणतात बंद कर, करू का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

हां, अजून एक, संध्याकाळी मालिका बघता बघता आईची डावी पापणी खाली येते आणि जास्त बोलली की आवाज नाकातून येतो, सकाळी परत बरी असते. जागरणाने होत असेल बहुतेक.

भुसावळकर

भाऊ, गोळी एकदम बंद करू नका, हात जोडून सांगतो. माझ्या वडिलांना हाच पेम्फिगस, आम्ही शहाणपणा करून बंद केली, तर आठ दिवसांत डोक्यापासून मांडीपर्यंत फोड आणि वरून बीपी पडलं ते वेगळं. डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात. शुगर बघत राहा, कॅल्शियम चालू आहे का विचारा. वडिलांना पुढे पल्स दिली, महिन्यातून तीन दिवस डेक्सामेथासोनची सलाईन आणि एक दिवस सायक्लोफॉस्फामाईड, दिल्लीच्या एम्सचे डॉ. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात काढलेली पद्धत. आता रिटुक्सिमॅबची इंजेक्शनं जास्त देतात म्हणे. गाठीचं मला माहीत नाही, वडिलांना गाठ नव्हती.

कपाचं म्हणाल तर काकूंना सांगा, हा लागट रोग नाही. आम्ही एकाच ताटात जेवलो, कोणाला काही झालं नाही.

आणि चादर चिकटायची तेव्हा वार्डातल्या सिस्टरने केळीची पानं आणायला लावली होती. कोवळी, मधली शीर काढून, त्या तिथे निर्जंतुक करून अंथरायच्या. थंड लागतं आणि जखमेला चिकटत नाही. घरी अशीच वावरातून तोडून टाकू नका, फवारा मारलेला असतो, मॅडमना विचारून करा.

स्किन_निवासी

दादा, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ते पहिलं लिहायला हवं होतं. पापणी आणि आवाजाचं आजच मॅडमना फोन करून सांगा. संध्याकाळी वाढतं आणि सकाळी बरं असतं ते मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतं, म्हणजे नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. थायमोमाच्या साधारण तीनातल्या एका पेशंटला तो असतो. रक्तात असिटिलकोलिन रिसेप्टरच्या, म्हणजे स्नायूवर तो निरोप घेणाऱ्या जागेच्या, विरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते बघतात. गिळताना ठसका लागला किंवा श्वास कमी पडला तर घरी थांबू नका, व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात सरळ न्या. तोपर्यंत गावात जेन्टामायसिनचं इंजेक्शन नको, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन पण स्वतःहून नको, यांनी कमजोरी वाढू शकते.

आबांना सांगा थायरॉईड गळ्यात, थायमस छातीच्या हाडामागे. लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर सुकत जाते. तिथे टी पेशींना, म्हणजे शरीराच्या राखणदारांना, आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवतात. गाठ झाली की शिकवणी बिघडते आणि वावराचा जागल्या मालकाच्याच बैलाला काठी घालतो. पेम्फिगसमध्ये ती काठी डेस्मोग्लीनवर पडते, कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं प्रोटीन ते.

गाठ काढली की फोड जातातच असं नाही. कोणाचे शांत होतात, कोणाचे वर्षानुवर्षं चालतात, काहींना तर गाठ काढल्यावर पहिल्यांदा येतात. पण म्हणून गाठ ठेवायची नाही, फोड जावोत न जावोत, ती गाठ म्हणूनच काढायची. सहसा आधी फोड आटोक्यात आणून स्टिरॉइड जमेल तेवढं खाली आणतात, कारण जास्त डोसवर टाके भरत नाहीत आणि इन्फेक्शन होतं. मायस्थेनिया निघाला तर तोही आधी सावरतात, भुलेच्या डॉक्टरला ते माहीत असणं फार गरजेचं. स्किन, न्यूरो आणि छातीचे सर्जन तिघांनी एकत्र बसून ठरवू द्या.

ओठांवर काळ्या खपल्या, डोळे लाल किंवा चालताना दम असं काही आहे का? असेल तर पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगसबद्दल विचारा, १९९०मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला प्रकार, तो थेट गाठीशी जोडलेला असतो. त्याची रक्ततपासणी उंदराच्या मूत्राशयाच्या पापुद्र्यावर करतात, हसू नका, खरंच.

केळीवाला_यावल

तीन दिवसांनी लिहितोय, माफ करा. त्याच रात्री फोन केला, मॅडम म्हणाल्या सकाळी पहिल्या बसने या. त्यांनी आईला छताकडे एकटक बघायला लावलं, अर्ध्या मिनिटात डावी पापणी खाली. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. पायरिडोस्टिग्मिन सुरू झालंय, गोळी घेतली की तासाभरात पापणी उचलते आणि दोन घास जास्त जातात, आई म्हणते डोयाले झापड ऱ्हायनी नही. ओठांवर खपल्या नाहीत, दम पण नाही. मुंबईला सर्जनची तारीख घेतोय, जनआरोग्य योजनेचे कागद बहीण बघते. आबा स्टिरॉइडचं आता काही बोलत नाहीत, वेळ झाली की स्वतःच पाणी घेऊन उभे असतात.

भुसावळकर भाऊ, पानांचं विचारलं, मॅडम हो म्हणाल्या. एक पट्टा बिनफवारणीचा ठेवलाय. तुमच्याकडे अजून लागतात का? लागत असतील तर भुसावळच्या फेरीत देतो.